रशियन अक्षरांचे जुने स्पीकर : दुर्मिळ आहेत म्हणतात, पण किंमत किती धरायची?

गोदाकाठ_निनाद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

माझे काका ओझरच्या एचएएलमध्ये होते, मिगच्या काळातले. काका आता नाहीत. काकू म्हसरूळचं घर सोडून पुण्याला ताईकडे राहायला चालल्यात, त्यामुळे आवराआवर सुरू आहे. हॉलमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर उभे आहेत. आमच्या लहानपणापासून त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल आणि फुलदाण्या. वाजताना मी फार कमी वेळा ऐकलेत, कारण ज्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेले होते तो कधीच गेला.

वर्णन देतो. उंची सव्वादोन फुटांहून थोडी जास्त, एकट्याने उचलायचं म्हणजे कंबर सांभाळून. समोरून काळा. तीन स्पीकर आहेत, मोठा, मधला आणि लहान, प्रत्येकावर पत्र्याची जाळी. दोन फिरवायची बटणं, त्यांवर ०, -३, -६ असे आकडे. आणि गंमत म्हणजे पुढच्या पत्र्यावर चक्क आलेख छापलाय, रेघांच्या चौकटीत वर-खाली जाणारी वक्ररेषा. नावाची पट्टी दोन्हींवरून निखळलेली. मागच्या लेबलवर रशियन मजकूर, त्यात ३५एसी-०१२ असं वाचता येतं, एक पंचकोनी चिन्ह आणि शेवटी एक पुसट आकडा.

दादाने (चुलतभाऊ, दुबईत असतो) कुठल्याशा परदेशी साईटवर असेच स्पीकर अडीच हजार युरोला लावलेले पाहिले. तेव्हापासून त्याचं म्हणणं, दोन लाखांच्या खाली हात लावू द्यायचा नाही. ताई म्हणते अडगळ आहे, काढून टाका. परवा दारावर आलेल्या भंगारवाल्याने दोन्ही मिळून आठशे सांगितले.

आठशे ते दोन लाख. यात कुठे थांबायचं हे कळत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

सातपूर_लेथ

फोटो?

अडाणी_आंब्या

क्रोशाचे रुमाल विकायचे असतील तर सांगा. आमच्या हिला त्यांची किंमत बरोबर कळेल.

तबकडीवेडा

निनाद, फोटोची वाट न बघता सांगतो. पुढच्या पत्र्यावर आलेख आणि मध्यम-तीव्र स्वरांसाठी तीन टप्प्यांची दोन बटणं म्हणजे हे रिगाचे रेडिओटेक्निका. एस-९० नावाने ओळखतात. रिगा आता लॅटव्हियाची राजधानी, तेव्हा सोव्हिएत संघात. तिथल्या पोपोव रेडिओ कारखान्याचा माल.

तुम्ही 'एसी' वाचलंत ती अक्षरं इंग्रजी नाहीत, रशियन आहेत, आणि त्यांचा उच्चार 'आ' आणि 'एस' असा होतो. शोधताना इंग्रजी अक्षरं टाकलीत तर निम्मी माहिती हाती लागणार नाही. मोबाईलवर गूगल लेन्सने लेबलचा फोटो घ्या, त्यातला मजकूर जसाच्या तसा उचला आणि तोच शोधखिडकीत चिकटवा. आधीचे ३५ म्हणजे नाममात्र वॅट. एस-९० मधले ९० हे त्यांनी सांगितलेली कमाल ताकद. स्पीकर तेच, मोजायची रीत वेगळी.

पंचकोन हे सोव्हिएत सरकारी गुणवत्ता चिन्ह, ते १९६७ मध्ये सुरू झालं. त्यामुळे माल त्यानंतरचा एवढं नक्की, पण हे मॉडेल मुळात त्याच्या बरंच पुढचं आहे, तेव्हा त्यावरून नेमकं वर्ष निघणार नाही. पुसट आकडा बहुतेक किंमत असेल. सोव्हिएत वस्तूंवर किरकोळ किंमत रूबलमध्ये छापलेली असायची, दुकानदाराला घासाघीस करायची सोयच नाही.

आता मुद्द्याचं. हे स्पीकर नाशिकमध्ये दुर्मिळ आहेत. कदाचित महाराष्ट्रात दुसरी जोडी शोधायला त्रास पडेल. पण तिकडे ते घरोघरी होते. ऐंशीच्या दशकात सोव्हिएत संघात ज्याला बरा आवाज हवा त्याचं स्वप्न म्हणजे एस-९०. आजही रशियन जाहिरातींच्या साईटवर ढिगाने दिसतात. तेव्हा 'इथे कुणाकडे नाही' याला किंमत नाही. 'कुणाला हवंय' याला आहे.

दादाची जाहिरात बघितली नाही, पण अडीच हजार युरो ही कुणीतरी लावलेली किंमत आहे. ती कुणी दिली का?

रागिणी_देवळाली

वाखूसा (वाचनखूण साठवली). हा धागा माझ्याही कामाचा आहे.

आमच्याकडे बोसचे ९०१ आहेत, सासऱ्यांनी कुवेतहून आणलेले. बोसने ते पहिल्यांदा १९६८ मध्ये काढले. एका खोक्यात नऊ छोटे स्पीकर, त्यातले आठ भिंतीकडे तोंड करून आणि एकच आपल्याकडे. मी घासूनपुसून जाहिरात टाकली तर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच : इक्वलायझर आहे का? म्हटलं कसला इक्वलायझर? तर म्हणे त्याच्या जोडीला एक वेगळा डबा येतो, तो मध्ये लावल्याशिवाय हे स्पीकर नीट वाजतच नाहीत. नऊ छोट्या स्पीकरांकडून खर्ज काढायचा तर वरचे आणि खालचे स्वर उचलावे लागतात, ते काम तो डबा करतो. आमचा डबा कुणी कधी टाकला देव जाणे. मिळालेला आकडा ऐकून सासरे दोन दिवस बोलले नाहीत.

निनाद, सोबतचं जे काही असेल ते आधी शोधा. वायर, पिना, कागद, सगळं.

तबकडीवेडा

रागिणीताई, अगदी बरोबर. आणि निनाद, कागदावरून आठवलं, काकूंना विचारा 'पासपोर्ट' आहे का, म्हणजे स्पीकरसोबत येणारं माहितीपुस्तक.

गोदाकाठ_निनाद

हे वाचून काकूंना फोन केला. म्हटलं, पासपोर्ट आहे का? तर म्हणे, तुझ्या काकांचा ना, तो कार्यालयाने परत घेतला. मग म्हटलं, स्पीकरचा. क्षणभर शांतता, आणि मग, "अरे हो, ते राखाडी पुस्तक! गॅसच्या कार्डांच्या फाईलमध्ये आहे."

काल म्हसरूळला जाऊन आणलं. पातळसं पुस्तक आहे, आतल्या पानांवर सर्किटचं चित्र, मापं, आणि मागे एका पानावर निळे शिक्के. लेन्सने भाषांतर केलं त्यात ३१.५ ते २०,००० हर्ट्झ असं आलं. तारखेचा शिक्का आहे, वर्ष १९८४ वाचता येतंय. पुस्तकावरचा क्रमांक एका स्पीकरच्या लेबलशी जुळतो. दुसऱ्याचं पुस्तक नाही.

काकू सांगतात की काका रशियाहून घेऊन आले नाहीत. ओझरला जे रशियन तज्ज्ञ राहायचे, त्यांच्यातलं एक कुटुंब परत जाताना जड सामान विकून गेलं. त्यातून घेतले.

आणि एक. पुस्तकाच्या शेवटी मौल्यवान धातूंबद्दल काहीतरी लिहिलंय असं भाषांतर येतंय. दादाला पाठवलं तर त्याचा लगेच व्हॉइस मेसेज : "बघ, मी म्हणत होतो."

तबकडीवेडा

दादांना म्हणावं, थांबा. सोव्हिएत उपकरणांच्या कागदपत्रांत सोनं-चांदी-प्लॅटिनम किती वापरलंय हे ग्रॅममध्ये नोंदवायची पद्धतच होती, कारण वस्तू मोडीत काढताना धातू सरकारला परत मिळवायचा असे. रेडिओ, टीव्ही, कॅलक्युलेटर, सगळ्यांना ते पान असे. मोजमापाच्या यंत्रांत किंवा रिलेच्या टोकांना थोडीफार चांदी-सोनं असायचं. स्पीकरच्या खोक्यात असतं ते लाकूड, लोखंड, तांब्याची वायर आणि मॅग्नेट. सराफ बाजारात न्यायच्या लायकीचं काही नाही.

पासपोर्ट मिळाला हे मात्र उत्तम. १९८४ म्हणजे चांगला काळ. आता पुढची पायरी, आतल्या स्पीकरवरचे क्रमांक. मूळ वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, असेल तर त्यावर ३० आणि मग दोन रशियन अक्षरं, 'गे' आणि 'दे', मग २ असं असेल. ऐंशीच्या दशकातच नावं द्यायची पद्धत बदलली आणि त्याच वूफरला ७५ पासून सुरू होणारं नवं नाव मिळालं. १९८४ च्या खोक्यात नव्या नावाचा वूफर दिसला तर तो नंतर कुणीतरी बदललाय असा संशय घ्यायचा.

सातपूर_लेथ

हे अमेरिकन स्पीकरवर पण चालतं. मॅग्नेटच्या मागे किंवा चौकटीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले आकडे कारखान्याचे : २२० म्हणजे जेन्सन, १३७ सीटीएस, ३२८ यूटा, ६७ एमिनन्स. त्यापुढे वर्ष आणि आठवडा. माझ्याकडे भंगारातून आलेल्या एका वूफरवर १३७ ७३४० आहे, म्हणजे सीटीएस, १९७३ चा चाळिसावा आठवडा. विकणारा सांगत होता १९६० चा. मी काही बोललो नाही, पैसे कमी केले फक्त.

जुन्या फिलिप्सवर एडी आणि पुढे आकडे. एडी ०१६०/टी८ असेल तर टी म्हणजे ट्वीटर (बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) आणि ८ म्हणजे ८ ओहम, त्याचा विद्युत रोध.

नोटप्रेस_निवृत्त

सगळं वाचतोय. एक विचारतो, रागावू नका. घरातली वस्तू दिसली की आधी किंमत का काढायची? आमच्या काळी अशी जोडी लाभली असती तर आम्ही रुमाल काढून ऐकायला बसलो असतो. अ‍ॅम्प्लिफायर पाच-सात हजारांत जुना मिळतो. लावा, ऐका, मग ठरवा.

गोदाकाठ_निनाद

काका, रागवायचं काहीच नाही. पण घर माझं नाही आणि स्पीकरही माझे नाहीत. काकूंना पुण्यात दोन खोल्या मिळणार आहेत. दादाला वाटतं आपण त्यांना फसवून स्वस्तात काढू. माझं काम एवढंच की आकडा असा यावा जो मला दोघांसमोर समजावून सांगता येईल.

नोटप्रेस_निवृत्त

हे पटलं. मग आधी उघडून बघा.

रागिणी_देवळाली

मला एक कळत नाही. दुर्मिळ असून किंमत नाही हे कसं? आमच्या देवळालीत जुन्या पारशी बंगल्यांतून काय काय निघतं, आणि घेणारे येतातच की मुंबईहून.

तबकडीवेडा

ताई, थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक फसतात.

जेबीएलचा एल-१०० घ्या. १९७० मध्ये आला, सत्तरच्या दशकभर तुफान विकला गेला. दुर्मिळ म्हणायची सोय नाही. तरी त्याला आजही भाव आहे, कारण तो ज्या स्टुडिओ मॉनिटरचा (ध्वनिमुद्रण तपासायच्या स्पीकरचा) घरगुती अवतार होता त्यावर अमेरिकेतल्या असंख्य गाण्यांचं काम झालं होतं, आणि त्या काळी तो न परवडलेली पिढी आता पैसेवाली झालीय. मागणी आठवणीतून येते. आणि त्यातही बारकावे. पुढची चौकटी-चौकटींची स्पंजाची जाळी काळाने भुगा होते. मूळ जाळी शाबूत असेल तर घेणारा वेगळा पैसा देतो. आवाजाशी तिचा संबंध जवळपास नाही.

दुसरं टोक, बीबीसीचा एलएस ३/५ए. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावावा म्हणून बनवलेला, पुस्तकाच्या कपाटात बसेल एवढा. बीबीसीने तो बनवायचा परवाना रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडर वगैरे वेगवेगळ्या कंपन्यांना दिला. आतले दोन्ही स्पीकर सगळ्यांकडे केईएफ कंपनीचेच. पण आधीचे १५ ओहमचे आणि नंतरचे ११ ओहमचे यांच्या भावात फरक. पाट्या वेगळ्या तर भाव वेगळा. आणि सर्वांत मोठा फरक जोडीत. कारखान्यातून एकमेकांशी जुळवून निघालेल्या जोडीचे क्रमांक लागोपाठचे असतात. क्रमांक तुटला की हौशी माणूस मागे सरतो, दोन्ही सुटे उत्तम वाजत असले तरी.

तिसरं, मॅग्नेट. १९७८ मध्ये झाईरमध्ये लढाई पेटली, जगातला कोबाल्टचा मोठा पुरवठा तिथून येत असे, भाव कडाडले. अल्निको मॅग्नेटमध्ये कोबाल्ट लागतं, म्हणून कंपन्या एकामागोमाग एक कोबाल्ट न लागणाऱ्या फेराइट मॅग्नेटवर गेल्या. आज विक्रेते 'अल्निको' हा शब्द ठळक अक्षरांत लिहितात. फेराइटचे चांगले स्पीकर अल्निकोच्या वाईट स्पीकरपेक्षा कितीतरी सरस असतात, पण बाजार कानाने चालत नाही.

आता रिगाची जोडी. ज्यांच्या आठवणी तिच्याशी जोडल्यात ते लोक रशियात, युक्रेनमध्ये, बाल्टिकमध्ये आहेत, आणि त्यांना ती कोपऱ्यावर मिळते. इथे ज्यांना जुने स्पीकर हवेत त्यांच्या आठवणी फिलिप्स, कॉस्मिक, सोनोडाईनच्या. एचएएलच्या वसाहतीत वाढलेला एखादा सोडला तर नाशिकमध्ये याच्यासाठी हळवा होणारा कोण?

सातपूर_लेथ

मी. आमचे वडील पण ओझरलाच होते. पण माझ्याकडे जागा नाही.

अडाणी_आंब्या

झालं, गिऱ्हाईक मिळालं आणि गेलंही.

गोदाकाठ_निनाद

अपडेट. सातपूर_लेथ यांनी सुचवलेल्या भद्रकालीतल्या चाचांना शनिवारी घरी नेलं. सोबत मल्टिमीटर, एक पेन्सिल सेल आणि चार पेचकस, एवढंच सामान.

आधी त्यांनी काहीच उघडलं नाही. जाळी काढून दोन अंगठ्यांनी मोठ्या वूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) दोन्ही बाजूंनी सारखा दाबून हळू आत नेला आणि कान लावला. घासल्याचा आवाज आला तर कॉईल (मागची तारेची गुंडाळी) वाकडी झालीय किंवा जळून फुगलीय, असं समजायचं. डाव्याचा आला नाही. उजव्याचा कोन दाबताच त्याची कड बोटाला चिकटून आली. काळा चिकट भुगा, पावडरसारखा. चाचा हसले. "ये स्पंजवाला है. बरसात खा गया." डाव्याची कड रबराची, थोडी कडक झालेली पण शाबूत.

मग मल्टिमीटर. मग वूफरच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवला, कोन बाहेर आला की ज्या टोकाला सेलचं अधिक ते वूफरचं अधिक. मागचं सोल्डर बघितलं. उजव्याचा वूफर आधी कधीतरी काढून बसवलेला आहे, स्क्रू दोन वेगळ्या जातीचे. दोन्ही वूफरवर ३० चं जुनं नाव आहे. पण उजव्याचा मधला स्पीकर रशियन नाहीच! फिलिप्सचा आहे, एडी ५०६०. काकू म्हणाल्या, एकदा गणपतीत मोठ्याने लावला होता तेव्हा जळाला, काकांनी मेन रोडवरून आणून टाकला.

चाचांचा निकाल : "आवाज आएगा. जोडी नहीं रही." स्पंजाची कड नवी बसवायचे त्यांनी सांगितलेले पैसे भंगारवाल्याच्या आठशेपेक्षा जास्त आहेत.

नोटप्रेस_निवृत्त

तुमच्या काकांनी फिलिप्स टाकून वाजता ठेवला, त्याला माझा नमस्कार.

रागिणी_देवळाली

मग कड बसवून विकायचा की तसाच? माझ्या बोसच्या वेळी एकाने सांगितलं होतं, दुरुस्त करू नका, मूळ तेच ठेवा.

तबकडीवेडा

इथे माझं मत त्या सल्ल्यापेक्षा वेगळं आहे.

मूळ ठेवा हा सल्ला अशा वस्तूंना, जिथे घेणारा संग्राहक आहे. टॅनॉयचे जुने मॉनिटर, क्वाडचे १९५७ चे इलेक्ट्रोस्टॅटिक, एआर-३ए. तिथे घेणाऱ्याला स्वतःच्या माणसाकडून काम करून घ्यायचं असतं आणि कुणी घाईत चुकीच्या मापाची कड चिकटवली तर तो ती काढण्याचेही पैसे कापतो. एआर-३ए मध्ये मागचे फिरते रेग्युलेटर आतून गंजतात हे तर सगळ्या जगाला ठाऊक आहे. जाणकार गंजलेले घेतो, पण कुणी अर्धवट बदललेले बघितले की त्याचा विश्वास उडतो.

निनादच्या जोडीला संग्राहक येणार नाही. फिलिप्सचा मधला स्पीकर बसल्यावर ती तशीही मूळ राहिली नाही. येणार तो ऐकणारा. त्याला वाजवून दाखवता आलं पाहिजे. म्हणून कड बसवा.

सातपूर_लेथ

बसवा पण रबराची नको. चाचांना सांगा मूळ स्पंजाची होती तर स्पंजाचीच. रबर जड असतं, कोन जड झाला तर खर्जाचं गणित बदलतं. डावा रबराचा, उजवा स्पंजाचा असा कारखान्यानेच काढलेला माल असू शकतो, त्या काळात दोन्ही प्रकार यायचे. पण मग ती जोडी एकत्र निघालेली नाही. दोन्हींचे क्रमांक किती लांब आहेत?

गोदाकाठ_निनाद

बरेच लांब. शेवटचे तीन आकडे सोडा, पहिलेच वेगळे. म्हणजे त्या रशियन कुटुंबानेच दोन वेगळे घेतले असावेत.

स्पंजाचं चाचांना सांगितलं. ते म्हणाले, मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवतो, माप दिलंय.

तबकडीवेडा

आता भाव. दादांना समजवायचं असेल तर त्यांना दोन गोष्टी करायला सांगा. ईबेवर शोधल्यावर 'विकले गेलेले' एवढंच दाखवायची खूण असते, ती करा. हायफाय शार्कवर तेच नाव टाका, तिथे जगभरच्या जुन्या-नव्या जाहिराती एकत्र दिसतात, संपलेल्या सुद्धा. एकच जाहिरात महिनोनमहिने त्याच आकड्यावर अडकून बसलेली दिसेल. तो आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. भाव तो, ज्याला सौदा होऊन जाहिरात उतरली.

दुसरं, वाहतूक. एकेक स्पीकर तेवीस किलोचा. दोन खोकी, लाकडी पेटी, विमान किंवा जहाज. युरोपात विकायचे म्हटलं तर भाड्यातच सौदा संपला. आणि वाटेत आदळला तर मॅग्नेट सरकून कॉईल जाम होते, मग दोन्ही बाजूंनी बोंब. म्हणून तुमचा बाजार फक्त तेवढा, जेवढं अंतर गाडीने जाता येईल. नाशिक, फार तर पुणे-मुंबई.

अशा बाजारात माझ्या अंदाजाने, दोन्ही नीट वाजत असतील तर दहा ते पंधरा हजारांच्या मध्ये कुणीतरी घेईल. वाजवून न दाखवता विकलेत तर तीन-चार. हा माझा अंदाज, कुठल्या यादीतला आकडा नाही. दुसऱ्या कुणाचा वेगळा असेल तर जरूर लिहा.

सातपूर_लेथ

मी बारा म्हटलं असतं. पासपोर्टमुळे एक हजार जास्त, फिलिप्समुळे दोन हजार कमी.

अडाणी_आंब्या

आणि रुमालांचे?

गोदाकाठ_निनाद

दादाने शनिवार-रविवार बसून स्वतः शोधलं. आज सकाळी मेसेज, शब्दशः : "ती जाहिरात दोन वर्षं तिथेच आहे." पुढे काही नाही. म्हणजे दोन लाख उतरले. दादाने पुढे एवढंच विचारलं की बाबांनी टाकलेला तो फिलिप्सचा स्पीकर काढून देता येईल का, त्याला ठेवायचाय.

तबकडीवेडा

काढला तर मधला स्पीकर नाही म्हणजे जोडी गेली कामातून. दादांना सांगा, जळालेला मूळ रशियन कुठे आहे का बघा. काकांच्या पिढीने जळका स्पीकर फेकला असेल यावर माझा विश्वास नाही.

गोदाकाठ_निनाद

गॅरेजमध्ये होता! प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर काकांच्या अक्षरात 'मिड, उजवा, जळका'. चाचा म्हणतात कॉईल नवी गुंडाळता येईल, पण खर्च जवळपास तेवढाच. तूर्त फिलिप्स तसाच ठेवतोय आणि जळका दादाला देतोय. तो त्यावर खूश आहे.

कड बसून आली. काल चाचांच्या दुकानातून आणलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावलं. काकूंनी भीमसेन लावायला सांगितलं. खर्ज जरा जास्तच फुगतो, कोपऱ्यातून बाहेर काढल्यावर बरा झाला. मधल्याची बटणं दोन्हीकडे वेगळी ठेवावी लागतात, फिलिप्स जरा पुढे येऊन बोलतो. उजव्याला -३, डाव्याला ०.

काकूंनी आकडा ठरवलाय, बारा हजार. ऐकून घ्या आणि घ्या. घासाघीस नको, ही त्यांची अट.

नोटप्रेस_निवृत्त

मी घेतो. नाशिकरोडला आमच्या घरी हॉल मोठा आहे आणि बायको मला आधीच वैतागलेली आहे, त्यात भर पडून फरक पडणार नाही. अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आहे. पासपोर्ट सोबत द्याल ना?

गोदाकाठ_निनाद

पासपोर्ट, सर्किटचं पान, मूळ स्क्रू, सगळं पाकिटात. काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या येऊ दे त्यांना, पण चहाला वेळ काढून या म्हणावं.

सातपूर_लेथ

काका, नेताना आडवे टाकू नका. उभे ठेवा, मध्ये गादी घाला. मी येतो उचलायला, ओझरच्या मालाला हात लागेल तेवढाच.

नोटप्रेस_निवृत्त

रविवारी चारला छोटा हत्ती घेऊन येतो. लेथराव, तुम्हाला द्वारका सर्कलवरून उचलतो. निनाद, उजवा-डावा कागदावर लिहून मागे चिकटवून ठेवा, बटणांची जागाही लिहा.

अडाणी_आंब्या

रुमाल राहिलेच की हो.